पगारेंच्या यशोधरेची लेन्स

दोन हजार सहा सालच्या जूनमध्ये अंबरनाथ पश्चिमेच्या बुद्धविहारात कमिटीची बैठक भरली, तेव्हा यशोधरा पगारे मागच्या सतरंजीवर बसली होती. ती कमिटीत नव्हती. वडिलांना, म्हणजे शंकर पगारेंना, दिसायला त्रास व्हायचा, म्हणून हात धरून त्यांना आणायचं आणि बैठक संपली की घरी न्यायचं, एवढंच तिचं काम.

विषय मोठा होता. त्या ऑक्टोबरात धम्मदीक्षेला पन्नास वर्षं पुरी होत होती. अंबरनाथ-बदलापूर भागात छप्पन्न साली दीक्षा घेतलेली आणि अजून हयात असलेली जी म्हातारी माणसं होती, त्यांचे फोटो काढून विहाराच्या भिंतीवर लावायचे, असं ठरत होतं. कार्याध्यक्ष हरिचंद्र साळवे उत्साही माणूस. त्यांनी सगळी आखणी डोक्यात करून ठेवली होती.

"उल्हासनगरच्या स्टुडिओशी बोललोय मी. डिजिटल कॅमेरा आणतील, मागं निळा पडदा लावतील. रविवारी सगळ्यांना इथं बसवू, एका दिवसात काम खलास. रंगीत, चकाचक!"

माना डोलल्या. तेवढ्यात मागून आवाज आला, "काका, हे फोटो मी काढू का?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. यशोधरा उभी राहिली होती. आपण बोललो याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटत होतं, पण आता बसता येत नव्हतं. "प्रत्येकाच्या घरी जाऊन काढीन. घरातल्याच उजेडात. फ्लॅश न मारता."

"फ्लॅश नाही मारला तर फोटो काळा येईल ना गं बाय," हरिचंद्र हसून म्हणाले.

"जयंतीचे फोटो आठवा काका. बाबासाहेबांच्या फ्रेमच्या काचेवर फ्लॅश पडला आणि नेमका चेहऱ्यावर पांढरा डाग आला. बायकांच्या पांढऱ्या साड्यांचा नुसता चुना झाला. आणि म्हाताऱ्यांचे ऑपरेशन झालेले डोळे, फ्लॅश पडला की ते मिटतात. निम्म्या फोटोंत आपली माणसं झोपलेली दिसतात. ही माणसं झोपलेली दिसायला नकोत."

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून जरा जोरातच गेलं. हरिचंद्रांनी चष्मा काढून पुसला. "बरं. एखादा काढून आण. बघू. नाही जमलं तर स्टुडिओ आहेच."

घरी परतल्यावर जिना चढताना शंकर पगारेंनी तिच्या खांद्यावर ठेवलेला हात दाबला. "यशू, बोललीस बरोबर. पण आपल्या लेन्सनं हे व्हायचं नाही."

कॅमेरा शंकरचाच. अंबरनाथच्या कारखान्यात टर्नर असताना एका बदली झालेल्या साहेबाकडून त्यांनी तो घेतला होता. जपानी, धातूचा, हातात घेतला की वजन जाणवणारा रेंजफाइंडर. त्यात लेन्समधून बघायचंच नसतं. वरच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी असते, तिला डोळा लावायचा. मधोमध एक पिवळसर ठिपका असतो, त्यात समोरचं माणूस दोनदा दिसतं. लेन्सची अंगठी फिरवत फिरवत त्या दोन माणसांचं एक माणूस करायचं. एक झालं की फोकस लागला. शंकरनी वस्तीतल्या वीसेक वर्षांच्या जयंत्या, लग्नं, मोर्चे त्या खिडकीतून पाहिले. मग काचबिंदूनं डावा डोळा गेला, उजव्याला नळीतून बघितल्यासारखं इवलंसं दिसायचं राहिलं, आणि एके दिवशी ते म्हणाले, "दोनाचं एक होत नाही आता." त्या दिवसापासून कॅमेरा यशोधरेकडे आला.

तिला ते जड गेलं नाही. ती उल्हासनगरच्या एका इस्पितळात एक्स-रे टेक्निशियन होती. लाल दिव्याच्या खोलीत फिल्म धुणं हा तिचा रोजचा धंदा. डबल ड्यूटी करून आली तरी सुट्टीच्या दिवशी बाथरूमच्या खिडकीला काळं कापड लावून वडिलांच्या जुन्या एनलार्जरवर ती फोटो छापायची. लग्नाचं बघायला आलेल्या एका पाहुण्यानं विचारलं होतं, "हे सगळं लग्नानंतर पण चालणार का?" ती म्हणाली होती, "हो." पाहुणे परत आले नाहीत. तिला त्याची फारशी खंत वाटली नाही. आता ती चौतिशीत होती.

शंकर म्हणत होते ते खरं होतं. कॅमेऱ्यावरची लेन्स साडेतीनची. लेन्सवरचा आकडा जितका लहान, तितकं तिचं तोंड मोठं उघडतं आणि तितका जास्त उजेड आत येतो. साडेतीन आकडा उन्हातल्या मिरवणुकीला पुरे. चाळीतल्या खोलीत, पावसाळी दिवसात, एका खिडकीच्या उजेडात तो आंधळाच. उघड्या तोंडाची, पन्नास मिलिमीटरची, म्हणजे माणूस जसं साध्या डोळ्याला दिसतं तसं दाखवणारी फास्ट लेन्स हवी होती.

अशा लेन्स मिळायच्या ठिकाणी दोघं पुढच्याच रविवारी गेले. उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये, कापडाच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर मुकेश तलरेजाचं कॅमेरा रिपेअरिंगचं दुकान होतं. डिजिटल आल्यापासून लोक घरातले जुने कॅमेरे पिशव्यांत भरून त्याच्याकडे आणून टाकत होते, त्यामुळे त्याची कपाटं कधी नव्हती इतकी भरली होती. यशोधरेनं काय हवंय ते सांगितलं. मुकेशनं ऐकून घेतलं, मखमलीचा तुकडा अंथरला आणि त्यावर दोन लेन्स ठेवल्या.

"ये दोनची. साफ, सीधी-सादी, नोकरी करनेवाली. और ये..." त्यानं दुसरी दोन्ही हातांनी उचलली. "एक पॉईंट दोनची. साईं, हाथी है ये. मेणबत्तीच्या उजेडात फोटो काढा."

शंकरनी हात पुढे केला. ती लेन्स हातात येताच त्यांचा चेहरा बदलला. डोळ्यांना दिसत नव्हतं ते बोटं बघत होती. रुंद कडा, घट्ट फिरणारी अंगठी, पुढचं भलंथोरलं भिंग. "साहेबाकडं ही होती," ते हळूच म्हणाले. "कॅमेरा मला दिला त्यांनी, ही मात्र घेऊन गेले. यशू, हीच घे."

यशोधरेचं लक्ष तिसऱ्याच वस्तूकडे गेलं होतं. कपाटाच्या खालच्या फळीवर एक मध्यम चणीची लेन्स आडवी पडली होती. "ती कुठली?"

"एक पॉईंट चार," मुकेश नाखुशीनं म्हणाला. "ती दाखवायचीच नव्हती मला. देखो." त्यानं ती खिडकीकडे तिरपी धरली. पुढच्या भिंगावर बारीक ओरखड्यांचं जाळं चमकलं. "कोणीतरी उम्रभर शर्टानं पुसली. अंदर से मस्त आहे, पण चेहरा खराब."

"ओरखडे पडलेली नको," शंकर लगेच म्हणाले. "यशू, पैशाकडं बघू नकोस. आयुष्यभर आपण दुसऱ्यानं टाकलेलं घेतलं. वह्या जुन्या, सायकल जुनी, कॅमेरा जुना. या कामाला तरी चांगलं घेऊ."

मुकेशनंच मधला मार्ग काढला. "काच डोळ्यानं नाही ओळखायची, निगेटिव्हवर ओळखायची. एकेक घेऊन जा, एकेक रोल काढा. मग सांगा."

पहिली दोनची नेली. माणूस निवडलं महिपती रोकडे. शिवमंदिराकडच्या बाजूला राहायचे. तरुणपणी गायन पार्टीत पहाडी आवाजात गायचे, आता ऐंशीच्या पुढे गेलेले. मान सतत हलायची. 'नाही, नाही' म्हणत असल्यासारखी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला. खोलीत एकच खिडकी, बाहेर आभाळ भरलेलं. लेन्स पूर्ण उघडली तरी शटर इतकं सावकाश ठेवावं लागलं की ते उघडून मिटेपर्यंत मान इकडून तिकडे जायची. घरी येऊन यशोधरेनं फिल्म धुतली तर भिंत, फ्रेम, खुर्चीचा हात सगळं लख्ख, आणि महिपतींच्या चेहऱ्याच्या जागी धूर. ती तशीच निगेटिव्ह हातात धरून बसून राहिली. हरिचंद्रकाकांना हे दाखवायचं काय?

"मी म्हणत नव्हतो?" शंकर म्हणाले. त्यांना राग नव्हता, उलट उत्साह आला होता. "मोठी आण."

दोनची परत देऊन मोठी आणली. ती घेऊन यशोधरा बदलापूरच्या खरवईला गेली, जनाबाई उबाळेंकडे. मुलानं नव्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याला घर घेतलं होतं, पण जनाबाईंचा दिवस दाराशीच जायचा, भिंतीला पाठ लावून, मांडीवर हात ठेवून. पांढरी साडी, कपाळ मोकळं, मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण.

"आली का फोटूवाली? बस. च्या घेतीस?"

चहा झाला, गप्पा झाल्या, आणि मग यशोधरेनं कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला. उजेड बेताचाच होता, तरी शटर चांगलं झटपट मारता येत होतं. तिला वाटलं, जमलं. रोल धुतल्यावर तर खात्रीच झाली. चेहरा असा उमटला होता की पापणीचा केस न् केस मोजावा. मागचं सगळं लोण्यासारखं वितळलेलं. तिनं मोठा फोटो छापला आणि पुढच्या सुट्टीला तो घेऊन ती मोठ्या ऐटीत खरवईला गेली.

जनाबाईंनी फोटो लांब धरला, जवळ धरला. "माजं तोंड हाय खरं. पन हात कुटं गेलं?"

यशोधरेनं वाकून पाहिलं. मांडीवरचे हात मागच्या भिंतीइतकेच वितळले होते. दोन पांढुरके गोळे. एवढं तोंड उघडलेल्या लेन्सला बोटभर जाडीचाच पट्टा स्पष्ट दिसतो, पुढचं-मागचं सगळं पुसट होतं, हे तिला माहीत होतं. पण फोटो छापताना तिचं लक्ष पापण्यांवरून हललंच नव्हतं.

"आजी, फोटो चेहऱ्याचा आहे ना..."

"तोंडानं काय केलं गं?" जनाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण त्यांनी फोटो खाली ठेवला. "दीक्षा घेतली, आन घरातलं देव काडायची येळ आली. सासू म्हनली, म्या नाय हात लावायची देवांना. नवरा म्हनला, म्या बी नाय. भ्याली होती समदी. मंग म्या टोपलीत भरलं. टाक, नारळ, समदं. आन उल्हास नदीवर गेली, गुडघाभर पान्यात हुबी राहिली, आन सोडलं. ह्या हातांनी. घरी आली तवा सासू बोलली, तुजं हात झडतील. झडलं का? बघ. पन्नास वर्सं झाली." त्यांनी दोन्ही पंजे यशोधरेपुढे पसरले. जाड, भेगाळलेले, नखं झिजलेली. "नातवंडांना काय दाखवशील? तोंड तर समद्या म्हाताऱ्यांचं सारकंच."

यशोधरेनं फोटो उचलून पिशवीत ठेवला. ती म्हणाली, "चुकलं आजी. पुन्हा काढते."

शंकरना तिनं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग लेन्सचं तोंड थोडं बारीक कर की. दोनवर आण. आणि एक पाऊल मागं सरक. हातही येतील स्पष्ट." तिनं तेही केलं. मागे सरकली, तोंड बारीक केलं. आणि तरीही फोटो फसला. हात स्पष्ट आले, पण फोटोच्या कडेला मनगटाशी कापलेले. पुन्हा पुन्हा काढले तरी तेच. कारण कळायला तिला रोलभर वेळ लागला. ती लेन्स इतकी जाड होती की खिडकीतून बघताना तिचं स्वतःचंच टमटमीत अंग चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात शिरायचं. कॅमेऱ्याला दिसत होतं ते यशोधरेला दिसत नव्हतं. आणि जनाबाईंचे हात नेमके त्याच कोपऱ्यात होते. तिला अंदाजानं मारावं लागत होतं.

त्या संध्याकाळी ती कॅम्प तीनला गेली, मोठी लेन्स परत केली आणि खालच्या फळीवरची ओरखडेवाली मागितली.

"पक्का?" मुकेशनं विचारलं.

"एक रोल तर काढू द्या."

शंकरना हे आवडलं नाही. त्यांनी भांडण केलं नाही. कारखान्यात त्यांनी युनियनमध्ये काम केलं होतं, भांडायचं कसं हे त्यांना ठाऊक होतं. पण घरात त्यांचा राग म्हणजे मौन. ताटातली भाकरी अर्धी ठेवून ते उठले. हात धुऊन आल्यावर एवढंच म्हणाले, "कमिटीतला कोणी ती काच बघेल आणि म्हणेल, पगारेच्या पोरीनं भंगारातली लेन्स आणली."

"बाबा, भिंतीवर लेन्स लावायची नाहीये."

"तुला नाही कळायचं."

तिला कळत होतं. कॅमेरा देणाऱ्या साहेबानं ती मोठी लेन्स आपल्याकडे ठेवली, हे तिच्या बापाच्या मनात पंचवीस वर्षं सलत राहिलं होतं. आपल्याला जे मिळालं नाही ते मुलीच्या हातात द्यायचं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि ती नको म्हणत होती.

आधी ती महिपतींकडे गेली. या खेपेस घाई केली नाही. कॅमेरा डोळ्याला लावून नुसती बघत बसली. मध्यम चणीची लेन्स खिडकीच्या कोपऱ्यात जराशीच डोकावत होती, तिच्या आडून सगळं दिसत होतं. बघता बघता तिच्या लक्षात आलं की महिपतींची मान एका टोकाला गेली की परत फिरण्याआधी किंचित थबकते. झोका वर जाऊन थबकावा तशी. लेन्स पूर्ण उघडून शटर जेवढं जलद जात होतं, तेवढं त्या थबकण्यात मावत होतं. तिनं श्वास धरला, मान डावीकडे जाऊ दिली आणि दाबलं.

"झालं?" महिपतींनी विचारलं.

"झालं काका."

"माझी मान हलते गं पोरी. डॉक्टर म्हणतो, ती आता अशीच."

"हलू दे. मी तिच्या मागं मागं आहे."

ते खळखळून हसले, आणि तेही तिनं काढलं.

मग खरवई. जनाबाई दाराशी, हात मांडीवर. यशोधरा दीड हात मागे सरकली, लेन्सचं तोंड दोनवर आणलं. पिवळ्या ठिपक्यात तिनं या खेपेला डोळे धरले नाहीत. डोळ्यांपासून हातांपर्यंतच्या अंतराचा अंदाज घेतला आणि त्यांच्या मधला, पदराचा काठ धरला. दोन काठांचा एक काठ झाला. चारी कोपरे तिला दिसत होते.

"आजी, हात असेच राहू द्या."

"ऱ्हातील. कुटं जात्यात."

फोटो छापून वाळला तेव्हा दुपार होती. यशोधरेनं तो वडिलांसमोर टेबलावर ठेवला आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. शंकरना एका वेळी पूर्ण फोटो दिसायचा नाही. भिंग इंच इंच सरकवत ते फोटो वाचायचे. कपाळावरून सुरुवात केली. डोळे. गालाच्या सुरकुत्या. पदर. मग भिंग खाली उतरलं, गोंदणावरून मनगटाकडे गेलं आणि पंज्यांवर थांबलं. तिथून ते बराच वेळ हललं नाही.

"गोंदणातला विंचू पण दिसतोय," ते म्हणाले.

"हो."

"नखाखाली काळं आहे. माती असेल."

"कुंड्यांत भाजी लावते ती. बिल्डिंगमध्ये सुद्धा."

शंकरनी भिंग खाली ठेवलं. डोळे पुसले, पण ते काचबिंदूचं औषध घातल्यावरही पाझरायचे, त्यामुळे यशोधरेनं काही विचारलं नाही. जरा वेळानं ते पुन्हा वाकले. "इथं दाराच्या बाजूला सगळं जरा धुरकट झालंय. बाहेरचा उजेड ओरखड्यांवर पडतो त्यानं. हिला टोपी पाहिजे."

"हूड? या लेन्सचा मिळत नाही. मुकेशभाईंनी शोधला. आणि बाबा, हूड लावला की खिडकीचा कोपरा परत झाकला जाईल."

"मिळत नाही तर बनवू."

दुसऱ्या दिवशी ते तिच्याबरोबर आनंदनगरच्या एमआयडीसीत गेले. त्यांचा जुना जोडीदार चंदू तिथं एक लहानसं वर्कशॉप चालवायचा. शंकर लेथपुढे उभे राहिले आणि त्यांनी चंदूच्या हातांवर आपले हात ठेवले. मशीन चालवायचा चंदू, पण कधी किती सरकायचं हे शंकरची बोटं सांगायची. अॅल्युमिनियमच्या नळीतून एक आखूड टोपी निघाली. लेन्सवर फिरवली तर आटे पहिल्याच फटक्यात बसले. चंदू खूश झाला. शंकर मात्र थांबले नाहीत. त्यांनी यशोधरेला कॅमेरा डोळ्याला लावायला सांगितला. "कुठं झाकतंय? बोट ठेव." तिनं टोपीच्या कडेवर बोट ठेवलं. तेवढा भाग त्यांनी कापायला लावला, पूर्ण नाही, एक लांबट झरोका. उजेड बाहेर अडेल आणि तिची नजर आरपार जाईल असा. कानसीनं कडा स्वतः घासल्या. आतून काळा रंग दिला.

"बघ आता."

तिनं बघितलं. झरोक्यातून वर्कशॉपचा कोपरा, तेलाचा डबा, चंदूच्या चपला, सगळं दिसत होतं.

"दिसतंय?"

"सगळं दिसतंय बाबा."

"मग ही घे," शंकर म्हणाले. "हीच आपली."

जुलै ते सप्टेंबर यशोधरेनं सुट्ट्या, रजा सगळं त्या कामात घातलं. ओरखडेवाली लेन्स तिनं मुकेशकडून घेऊन टाकली. ती अंबरनाथच्या चाळींत गेली, बदलापुरात गेली. कोणी अंथरुणावर होतं, कोणी नातवाच्या लग्नातला कोट घालून बसलेलं, कोणी बाबासाहेबांच्या फोटोखालीच बसायचा हट्ट धरणारं. फ्रेमच्या काचेवर कुठं डाग पडला नाही. जे हात दाखवण्यासारखे होते त्यांचे हात आले, ज्यांना आपला कोपऱ्यातला जिवापाड जपलेला एकतारा हवा होता त्यांचा एकतारा आला. एका आजोबांनी विचारलं, "फ्लॅश नाही का उडणार?" ती म्हणाली, "नाही." ते म्हणाले, "मग डोळे उघडे ठेवतो." आणि त्यांनी ठेवले.

पहिले काही फोटो तिनं हरिचंद्रांना दाखवले होते. त्यांनी जनाबाईंचा फोटो हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "स्टुडिओवाल्याला नाही सांगतो." मग ते आत जाऊन पाणी पिऊन आले.

ऑक्टोबरात विहाराच्या तिन्ही भिंतींवर फोटो लागले. काळे-पांढरे, फूटभर रुंद, साध्या लाकडी पट्टीत, खाली त्या त्या माणसाच्या दीक्षेची दोन ओळींत गोष्ट. वंदना झाली आणि माणसं भिंतीकडे वळली. सुरुवातीला गलका होता, मग आवाज हळूहळू बसत गेला. पोरंसोरं आपापल्या आजी-आजोबांपुढे उभी राहिली. महिपती रोकडे आपल्या हसऱ्या फोटोपुढे उभे होते. इकडे त्यांची मान हलत होती आणि भिंतीवरची थांबली होती. "च्यायला," ते म्हणाले, "मी देखणा होतो की."

जनाबाईंना मुलानं रिक्षातून आणलं होतं. त्या फोटोपुढे आल्या तेव्हा त्यांची नात, कॉलेजात जाणारी, आधीच तिथं होती. जनाबाईंनी फोटोकडे फार पाहिलं नाही. नातीकडे पाहिलं. नातीनं आजीचा हात धरला होता, आणि तो सोडायची तिची तयारी दिसत नव्हती.

"आजी, मला कधी सांगितलं नाहीस नदीचं."

"तू इचारलं कदी?" जनाबाई म्हणाल्या. मग यशोधरा दिसताच त्यांनी तिला खूण करून बोलावलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि भोवतालच्या बायकांना सांगितलं, "हिनं काडला. शंकरच्या लेकीनं. आपल्यातलीच हाय."

हरिचंद्रांनी भाषण केलं, थोडं लांबलं. शेवटी त्यांनी छायाचित्रकार म्हणून यशोधरेचं नाव पुकारलं आणि टाळ्या वाजल्या. ती उठली, पण पुढे जाण्याआधी तिनं शेजारी बसलेल्या वडिलांचा दंड धरला. "बाबा, चला." शंकर नको नको म्हणत उठले. दोघं पुढे उभे राहिले. शंकरना समोरची गर्दी धूसर ठिपक्यांसारखी दिसत असणार, पण टाळ्या कुठून येतायत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मान तिकडे वळवली आणि ताठ उभे राहिले. इतकी वर्षं सगळ्यांचे फोटो काढले, पण या बाजूला ते कधी उभे राहिले नव्हते.

त्या दिवशी संध्याकाळी, गर्दी ओसरत असताना, मुकेश तलरेजा आला. दुकान लवकर बंद करून आला होता. यशोधरेला आनंद झाला. तिनं त्याला सगळे फोटो फिरून दाखवले. तो प्रत्येकापुढे थांबला. आधी लेन्सवाल्याच्या नजरेनं कोपरे तपासत, मग ती नजर सुटून गेली आणि तो नुसता बघत राहिला. जनाबाईंच्या फोटोपुढे त्यानं विचारलं, "ही आपली खराब चेहऱ्यावाली?"

"तीच."

"ओरखडे कुठं गेले?"

"बाबांनी झाकले."

मुकेश बोलू लागला. मराठीत, हिंदीत, जशी जीभ वळेल तसा. "मॅडम, माझी अम्मा. फाळणीत लाडकाणाहून आली ती. इथं मिलिटरीच्या बॅराक होत्या तेव्हाची. कॅम्प तीनमध्ये अशी बरीच म्हातारी माणसं आहेत. उन का कोई फोटो नहीं. शादी का एक आहे, स्टुडिओवाला, मागं पडदा." तो थांबला. "तुम्ही याल? फ्लॅश न मारता?"

यशोधरेनं वडिलांकडे बघितलं. शंकर खुर्चीवर बसून कोणाशी तरी बोलत होते, पण कान इकडेच होते.

"विचारतेस काय," ते म्हणाले. "हो म्हण."

पुढच्या रविवारी ती कॅम्प तीनला गेली. मुकेशची अम्मा जिन्याच्या पहिल्या पायरीवर, उघड्या दारात, पापड वाळत घातलेल्या खाटेशेजारी बसली होती. मुकेशनं तिला सिंधीत काहीतरी सांगितलं. तिनं पदर सावरला, यशोधरेला आपादमस्तक न्याहाळलं आणि बाजूला सरकून पायरीवर जागा केली. यशोधरा बसली. कॅमेरा अजून पिशवीतच होता.

"अम्मा," ती म्हणाली, "आधी सांगा, फोटोत काय काय दिसलं पाहिजे?"